गेलेले आटे

पहिला बोल्ट गेला तो हाताला कळला नाही, डोळ्यांना दिसला.

ती मोटारसायकल एका गुरुजींची होती. लोह्याहून आठ-दहा किलोमीटरवर एका खेड्यात ते शाळेवर जायचे. बारा वर्षं त्यांची गाडी माझ्याशिवाय कुणी उघडली नव्हती. सोयाबीन निघून बाजारात यायला लागलं होतं, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग होती आणि माझ्या गॅरेजसमोर गाड्या एकीला एक टेकून उभ्या होत्या. क्लच प्लेटा बदलून मी इंजिनाचं साइड कव्हर बसवत होतो. बारके बोल्ट, ओळीनं आवळत आलो. शेवटून दुसऱ्यावर पाना फिरवला, अजून अर्धा फेरा दिला, तेव्हा दिसलं की बोल्टाचं डोकं नुसतंच फिरतंय.

असं होण्याआधी हाताला खबर लागते. बोल्ट भरत येतो, पाना जड होतो, आणि मग तो जडपणा एकाएकी निघून जातो, लोण्यात चमचा फिरल्यासारखा. नवशिक्यालासुद्धा ते कळतं, फक्त उशिरा. मला त्या दिवशी ते कळलंच नाही. बोल्ट मागं फिरवून काढला तर त्याच्या अंगावर अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून आली होती. ते भोकातले आटे होते. इंजिनाचं अंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. जास्त जोर लागला की नेहमी भोकातलेच आटे सोलून निघतात.

मला लाज वाटली ती वेगळ्या कारणानं. गेलेले आटे परत बसवण्यासाठीच माझं नाव होतं. कंधारपासून, माळाकोळीपासून लोक यायचे. कुणीतरी घाईत किंवा दांडगाईनं आवळलेलं असायचं, भोक मोकळं झालेलं असायचं, आणि दुसरे मिस्त्री तिथं पांढरी टेप गुंडाळून किंवा पुट्टी भरून गाडी परत द्यायचे. मी तसं कधी केलं नव्हतं. मी ते भोक ड्रिलनं थोडं मोठं करायचो, त्यात टॅप घालून नवे आटे पाडायचो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, ग्रीस लावून, म्हणजे कीस आत पडत नाही. मग त्या नव्या आट्यांत पोलादी तारेची कॉइल बसवायची. तिच्या आत मूळचाच बोल्ट जातो आणि पहिल्यापेक्षा पक्का बसतो.

गुरुजी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेले होते. ते यायच्या आत मी कॉइल बसवून बोल्ट लावून टाकला. त्यांना काही बोललो नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

आठ दिवसांनी दुसरा बोल्ट गेला. दिवाळीनंतर दोन एकाच दिवशी. मी बोल्टांना दोष दिला. बाजारात हलका माल येऊन राहिला म्हणालो, आणि बोल्टांचा अख्खा डबा भंगारात टाकून नांदेडहून नवा आणला. मग पान्याला दोष दिला, लांब दांड्याचा पाना खुंटीला लावून आखूड वापरायला लागलो. पाना धरायची मूठ बदलली. तरी बोल्ट जायचे. मी आवळायला घेतलं की बोल्टाच्या डोक्याकडं एकटक बघत राहायचो, कारण आता बघण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता.

मग मी घाबरून कमी आवळायला लागलो. त्यानं गाड्या तेल गाळायला लागल्या. लोक परत यायचे, कव्हरखाली ओघळ दाखवायचे. मी पॅकिंग खराब आलं म्हणायचो. वीस वर्षांत मी गिऱ्हाइकाशी इतकं खोटं बोललो नव्हतो. नवल म्हणजे ते मला सोपं जायला लागलं.

मोठ्या भोकांचं काम मी नांदेडला एका चाचांकडं न्यायचो. त्यांचं लेथ मशीनचं दुकान होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी मिसरूड फुटायच्या वयापासून त्यांच्याकडं जात होतो. टॅप कसा सरळ धरायचा ते त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या हिवाळ्यात मी तिसऱ्यांदा इंजिनाचं केस, म्हणजे बाहेरचं कवच, घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ते हातात फिरवून बघितलं, भोकात बोट घातलं, आणि मशीन बंद केलं.

"हे कुणी आवळलं, बेटा?"

"गिऱ्हाइकानं. घरी ऑइल बदलायला गेला."

"मागच्या खेपेला बी गिऱ्हाइकच व्हतं. त्याच्या मागल्या खेपेला बी." त्यांनी केस फळीवर ठेवलं. "पहले तू दुसऱ्यानं बिघडवलेलं आणायचा. आता तू सोताचं आणून राहिला. हात दाखव."

मी हात पुढं केला नाही. उशीर होतोय म्हणालो. त्यांनी बुश, म्हणजे भोकात ठोकायची पोलादी नळी, करून दिली, मीही गुमान घेतली. येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी उजव्या हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबून बघितली. अंगठा ठीक होता, त्याच्या शेजारची दोन ठीक होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबलं तर वाटलं, हातमोज्यावरून कुणी दाबतंय. पान्याचा दांडा मुठीत धरला की त्याचा खरा जोर याच दोन बोटांवर येतो. थंडी आहे, मी स्वतःला म्हणालो. त्यानंतर मी चाचांकडं जायचं बंद केलं.

संक्रांतीनंतर एकदा सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरी आल्या. आमच्याच गल्लीतल्या. घरोघर फिरून त्या विचारत होत्या, अंगावर कुठं चट्टा आहे का, कुठं बधिर लागतं का, वहीवर लिहून घेत होत्या आणि दाराजवळ खडूनं खूण करत होत्या. मी जेवायला घरी आलेलो होतो. बायको दारात उभी होती. तिनं स्वतःचं सांगितलं, मुलीचं सांगितलं, आणि माझ्याबद्दल विचारल्यावर ती माझ्याकडं वळली.

मी ताटावरून मान वर न करता म्हणालो, "न्हाई. काही न्हाई."

आशाताई गेल्यावर बायकोनं कडी लावली. माझ्या उजव्या कोपराच्या वर, मागच्या बाजूला, रुपयापेक्षा थोडा मोठा फिकट डाग होता. मला तो आरशाशिवाय दिसत नव्हता. तिला रोज दिसत होता.

"त्यो डाग हाय की," ती म्हणाली.

"पेट्रोलचा हाय."

"पेट्रोलमध्ये कोपर कवा बुडवता?"

मी हात धुऊन दुकानात निघून गेलो. तिनं परत तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून ती माझा कप माझ्या हातात द्यायच्या ऐवजी खाली ठेवायला लागली. मला ते लागलं. पुढं कळलं की ती बघत होती, मी कप कुठल्या बोटांनी उचलतो ते.

फाल्गुनात गुरुजी ऑइल बदलायला आले. इंजिनाच्या पोटाशी एक मोठा बोल्ट असतो, तो काढला की जुनं तेल खाली येतं. मी काढला तर आटे त्याच्याबरोबर सोलून आले. मागच्या खेपेला मीच तो आवळला होता. गुरुजींना म्हणालो, सामान नाही, गाडी उद्या न्या. खरं तर हे चाचांचं काम होतं. तिथं पोलादी बुश बसायला पाहिजे होती. पण चाचांसमोर परत उभं राहायची माझी छाती नव्हती. गाडी आडवी पाडली आणि मी स्वतःच मोठी कॉइल घालायला बसलो.

टॅप सरळ जातोय की तिरका, हे बोटांना कळावं लागतं. डोळ्याला ते दिसत नाही. मी गोणपाटावर गाल टेकवून, एक डोळा मिटून, नजरेनं अंदाज घेत टॅप फिरवला. कॉइल बसली. बोल्ट लावताना मी मनातल्या मनात फेरे मोजले, आणि भरायला आला असं वाटल्याबरोबर सोडून दिला. अजून पाव फेरा पाहिजे होता. मला ते माहीत होतं. पण तो पाव फेरा द्यायला गेलो आणि कॉइलसकट सगळं फिरलं तर? मी पाना ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, गाडी चालू करून बघितली, आवाज किती साफ येतोय म्हणाले, आणि गेले. पुढचा सव्वा महिना त्यांची गाडी रस्त्यानं गेली की मी हातातलं काम थांबवायचो. ते हॉटेलवर थांबले की काहीतरी निमित्त काढून रस्ता ओलांडायचो आणि गाडीखालची जमीन बघायचो. जमीन कोरडी असायची. मग दोन-तीन दिवस बरे जायचे.

उन्हाळ्यात, लग्नसराईत, एका दुपारी गुरुजी आणि त्यांची मंडळी गाडीवर आली. हवा भरायची होती. त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न जळकोटला होतं. बाई नव्या साडीत, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन मागं बसल्या होत्या. मी मागच्या चाकाशी खाली बसलो. हवा भरता भरता वाकून बघितलं. त्या बोल्टाच्या कडेला तेलाचा एक थेंब लटकत होता. पडत नव्हता. मी कापडानं पुसला. बघता बघता तिथं दुसरा धरायला लागला.

मी उभा राहिलो. "गुरुजी, जळकोटला गाडीवरच जाऊन राहिले का?"

"हाव. यष्टीला उभं ऱ्हायला जागा न्हाई. का बरं?"

त्या वेळी माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. गाडी ठेवा, बोल्ट बघायचा आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं काय झालं बोल्टाला, आणि मग तिथून मागं मागं जात सगळंच सांगावं लागलं असतं. दुकानात आणखी दोन माणसं बसली होती.

"काही न्हाई," मी म्हणालो. "सावकाश जा."

ते गेले. अहमदपूरच्या दिशेनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. नंतर एका गाडीचं कारब्युरेटर सेट करत बसलो, पण डोकं तिथं नव्हतं. शिरूर ताजबंदपर्यंत किती वेळ लागेल, आता कुठं असतील, असा हिशोब चालला होता. ती गाडी चालू करून ठेवलेली होती, कानानं इंजिन ऐकायला. थोड्या वेळानं जळाल्याचा वास आला. रबर जळाल्यासारखा नव्हता, केस जळाल्यासारखा होता. मी बसल्या जागी वायरिंग बघितलं, बॅटरी बघितली. शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारून विचारलं, तुझ्याकडं काही जळतंय का. तो आला, आणि येता येताच ओरडला आणि माझं मनगट धरून त्यानं हात ओढला. माझ्या तळहाताची करंगळीकडची बाजू सायलेन्सरवर टेकलेली होती. कातडी पांढरी होऊन वर आली होती. किती वेळ टेकलेली होती, मला आजही माहीत नाही.

मला दुखलं नाही. टपरीवाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी म्हणालो, लागलं लागलं, आणि हात झाडला, दुखणाऱ्या माणसानं झाडावा तसा.

घरी जाताना हात रुमालात गुंडाळला. बायकोनं रुमाल सोडायला लावला, बघितलं, हळद आणि तेल आणलं. लावताना ती मुद्दाम दाबत होती हे मला दिसत होतं. मी हूं केलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच फोन आला. गुरुजींच्या शाळेतले दुसरे मास्तर होते. शिरूरच्या अलीकडं एका वळणावर गाडी घसरली होती. इंजिनातलं सगळं तेल मागच्या चाकावर आलं होतं. गुरुजींच्या गळ्याचं हाड मोडलं होतं, बाईंचा पाय गुडघ्याखाली दोन जागी. दोघंही लातूरला दवाखान्यात होते. मास्तर म्हणाले, रस्त्यातल्या दगडानं बोल्ट उडाला म्हणतात. तुम्हाला कळवायला गुरुजींनीच सांगितलं, गाडी तुम्हीच उचलून न्या म्हणाले, दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

ते शेवटचं ऐकून मी ओट्यावर बसलो.

लातूरची बस पकडली. सगळ्या रस्त्यात मी काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि दर खेपेला त्यात दगड येत होता. दगड होता तर किती सोपं होतं. कुणी विचारणार नव्हतं. गाडी माझ्याच हातात येणार होती, कॉइल काढून फेकली की संपलं. वळण आलं तेव्हा बसच्या खिडकीतून मला रस्त्यावर काळा पट्टा दिसला. तेलाचा. वाहनांनी तो लांब नेला होता.

गुरुजी वॉर्डात खाटेवर बसलेले होते, खांद्याला पट्टा, गालावर खरचटलेलं. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. बसा म्हणाले. चहा घेतला का विचारलं. नशीब, म्हणाले, मागून ट्रक नव्हता. मी बसलो नाही.

"गुरुजी, दगड नव्हता. बोल्ट माझ्यामुळं गेला. फाल्गुनात त्याचे आटे गेले व्हते, मी तुम्हाला सांगितलं न्हाई. नीट बसलं नव्हतं हे मला ठाऊक व्हतं. काल थेंब बी दिसला मला."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून आमच्याकडं बघायला लागला. मग गुरुजींनी विचारलं, "काल दिसला?"

"हाव."

त्यांनी मान भिंतीकडं केली. "तिला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले.

बायकांचा वॉर्ड दुसऱ्या बाजूला होता. बाईंच्या पायाला वजन लावलं होतं. त्यांची बहीण, म्हणजे नवरीची आई, उशाशी बसली होती. तिच्या हातावर अजून हळद होती. लग्न कसंबसं उरकून ती तशीच आली होती. मी दाराशीच उभा राहून सांगितलं. जे गुरुजींना सांगितलं तेच, त्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द सुचत नव्हते. बाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "गाडी ठिवून घेतो म्हणले असते तर आम्ही यष्टीनं गेलो असतो." मग बहिणीला म्हणाल्या, पाणी दे.

मी तिथून निघालो तर एका सिस्टरबाईंनी अडवलं. रुमाल सुटून लोंबत होता. त्यांनी हात उलटा करून बघितला. फोड फुटला होता, कडेला घाण गेली होती.

"हे कधीचं? पट्टी का नाही केली?"

"कालचं हाय. दुखत न्हाई."

त्या काही तरी लिहायला वळल्या होत्या, त्या थांबल्या. माझ्याकडं परत बघितलं. मग करंगळीचं टोक धरून म्हणाल्या, सरळ करा बघू. ते पूर्ण सरळ होत नव्हतं. मला ते तोवर माहीत नव्हतं. त्यांनी पट्टी केली आणि चामडीच्या विभागाची चिठ्ठी हातात दिली. आत्ताच जा म्हणाल्या, आणि मी पायऱ्या उतरेपर्यंत त्या वरून बघत उभ्या होत्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. पेनचं टोक टेकवते, टेकलं की तिथं बोट ठेवा. मी डोळे मिटून बसलो. खोलीत पंख्याचा आवाज होता. मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं वाटलं, त्या बाहेर गेल्या असतील. डोळे उघडले तर त्या तिथंच होत्या, त्यांनी आरसा धरून दाखवलं, कोपराच्या वर त्या डागावर पेनच्या निळ्या ठिपक्यांची रांग होती. सात-आठ ठिपके. मला एकही कळला नव्हता.

त्यांनी कोपराच्या मागची शीर बोटांनी चाचपली. सुतळीएवढी जाड झालीय म्हणाल्या. मग पाठ बघितली, पाय बघितले, आणि आजाराचं नाव सांगितलं. सरकारी कागदावर ते नाव वेगळं आहे, पण आमच्याकडं त्याला जे म्हणतात तेच माझ्या कानात वाजलं. लहानपणी आमच्या गावाबाहेर बोटं झडलेला एक म्हातारा राहायचा. त्याच्या ओंजळीत लोक लांबून, वरून पाणी ओतायचे. मी पण ओतलं होतं, तांब्या उंच धरून.

डॉक्टरीणबाई समजावत होत्या. गोळ्या फुकट मिळतात. एक वर्ष घ्यायच्या. पहिल्या डोसानंतर दुसऱ्याला लागण होत नाही. हाताच्या शिरेसाठी वेगळ्या गोळ्या. सहा महिन्यांच्या आत आला असतात तर बोटं पूर्ण परत आली असती, आता किती येतील सांगता येत नाही. कधीपासून कळत नव्हतं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सोयाबीन निघालं तेव्हापासून. घरी कुणी तपासायला आलं नव्हतं का? मी म्हणालो, नव्हतं. इतकं झाल्यावरही मी तिथं खोटं बोललो.

बायकोला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. घरी येऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला?" तेवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोघींची तपासणी झाली. काही निघालं नाही. त्यांनाही एकदाच घ्यायची गोळी दिली. तरी पुढं कित्येक दिवस बायको मुलीची वेणी घालताना मान, खांदे, दंड निरखत राहायची, आणि मी ते दुसऱ्या खोलीतून बघायचो.

गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, कातडी काळवंडली. गिऱ्हाइकं म्हणाली, उन्हात लई काम करून राहिला. मी हाव म्हणायचो. गल्लीत कुणाला सांगितलं नाही. आशाताईंना कळलंच असणार, पण त्यांनी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. दर महिन्याला भाजीच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट त्या स्वतः आणून द्यायच्या.

वर्ष पूर्ण झालं. आजार गेला असा कागद मिळाला. शेजारच्या बोटात थोडी जाण आली, करंगळी तशीच आहे, आत वळलेली. आवळायचं काम मी आता हातानं करत नाही. ठरलेला जोर आला की टक् असा आवाज करणारा एक पाना असतो, तो घेतला आहे. कानाचा भरवसा आहे. गुरुजी परत आले नाहीत. त्यांची गाडी दुसऱ्या दुकानात जाते. त्यांच्या बाई थोड्या लंगडतात. रस्त्यात भेटले तर गुरुजी मान हलवतात, थांबत नाहीत.

पण मला अजून जे सोडत नाही ते वेगळंच आहे. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक वही घेऊन बसलो आणि सोयाबीनपासून लग्नसराईपर्यंत माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गाड्या आठवून लिहून काढल्या. मग एकेकाला गाठत गेलो. फुकट तपासून देतो म्हणून गाडी थांबवायची आणि त्या नव्या पान्यानं प्रत्येक बोल्ट बघायचा. पुष्कळ ठीक निघाले. काही नुसते अडकवलेले होते, बोटानं फिरत होते. एका गाडीच्या पोटातला बोल्ट कापड लावून हलवला तर हातात आला. मालक शेजारी उभा राहून मोबाइलवर बोलत होता. मी काही न बोलता तो नीट बसवला, आणि मग जवळच्या दगडावर बसून पाणी मागितलं.

एक गाडी उमरीला विकली गेल्याचं कळलं. उमरीला गेलो. ज्यानं घेतली होती त्यानं ती पुढं तेलंगणात कुणाला तरी दिली होती. कुणाला, ते त्याला आठवत नव्हतं. त्याच्या अंगणात मी उगीचच थोडा वेळ उभा राहिलो. त्यानं विचारलं, गाडीत काही खोट हाय का? मी हो म्हणालो. मग तो काळजीत पडला, की आता दोष त्याच्यावर येईल.

आणखी एक आहे. तिचा मालकही मला माहीत नाही, नंबरही नाही. थंडीतली गोष्ट. नांदेडकडून एक तरुण जोडपं आलं होतं, लातूरला चाललेलं, टाकीवर लहान मूल बसवलेलं, त्याच्या डोक्याला लाल कानटोपी. इंजिनाखाली ओल दिसली म्हणून माझ्याकडं थांबले. मी बोल्ट काढला, टेप गुंडाळली, परत लावला. टेप. जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्या दिवशी केलं, कारण ते परत यायचे नव्हते. मुलाला हात हलवून टाटा पण केला.

या रस्त्यानं रोज शेकडो गाड्या जातात. टाकीवर पोर बसवलेली दिसली की मी उठून रस्त्याच्या कडेला येतो. मूल आता मोठं झालं असेल, मागं बसत असेल, हे मला समजतं. तरी येतो. गाडी जवळ येते, मी आधी माणसांची तोंडं बघतो, मग वाकून इंजिनाखाली बघतो, आणि ती निघून जाते.